प्रीएक्लॅम्पसिया आणि आईच्या तांबड्या पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणातील रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की घरातल्या प्रत्येकाची नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. आकडा वाढला तर समाधान आणि उतरला तर काळजी, हा हिशेब बहुतेक बाळंतपणांत बरोबर ठरतो. प्रीएक्लॅम्पसियात मात्र तो उलटू शकतो. तिथे वाढलेले हिमोग्लोबिन आजाराची खूण असू शकते, आणि आजार बळावत असताना अहवालातला आकडा अगदी 'नॉर्मल' दिसू शकतो. प्रयोगशाळेत आणि बाह्यरुग्ण विभागात या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे नेमके काय? त्याचा तांबड्या पेशींशी संबंध कसा येतो?

गरोदरपणाचे २० आठवडे पूर्ण झाल्यानंतर, आधी रक्तदाबाचा त्रास नसलेल्या स्त्रीचा दाब किमान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, फुप्फुसे, प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. जगभरात सुमारे २ ते ८ टक्के गरोदरपणांत तो आढळतो. लघवीत प्रथिने असलीच पाहिजेत, ही जुनी अट आता राहिलेली नाही. तरीही ती अनेकांच्या डोक्यात घट्ट बसलेली आहे.

आजाराचे मूळ वारेत असते. गर्भपिशवीच्या भिंतीतील नागमोडी रोहिण्या गरोदरपणात रुंद आणि सैल व्हायला हव्यात, त्या पुरेशा होत नाहीत. रक्तपुरवठा अपुरा पडलेली वार आईच्या रक्तात असे काही घटक सोडते की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. या घटकांपैकी एसएफएलटी-१ नावाच्या प्रथिनाचा सहभाग २००३ साली अमेरिकेत आनंद करुमंची यांच्या गटाने दाखवून दिला. अस्तराला इजा झाली की वाहिन्या आकसतात आणि पाझरू लागतात, तर काही ठिकाणी आतल्या बाजूला फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, धागे जमतात. तांबडी पेशी दिवसभर याच वाहिन्यांतून फिरत असते. म्हणूनच आजाराची झळ तिला तीन तऱ्हांनी लागते : तिच्याभोवतीचा द्रव घटतो, तिचे आवरण ताठर होते आणि शेवटी काही पेशी फाटतात.

निरोगी गरोदरपणात रक्त पातळ होते म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे, आणि ते चांगलेही आहे. गरोदरपणात रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशींची एकूण संख्याही वाढते, पण साधारण २० ते ३० टक्क्यांनीच. द्रव जास्त वाढला आणि पेशी त्या मानाने कमी वाढल्या, म्हणून दर डेसिलिटरमागे मोजलेले हिमोग्लोबिन खाली येते. प्रत्यक्षात आईच्या अंगात आधीपेक्षा जास्त तांबड्या पेशी असतात. हे ध्यानात घेऊनच जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रीसाठी रक्तक्षयाची सीमा ११ ग्रॅम ठेवली आहे, आणि मधल्या तिमाहीत १०.५ ग्रॅमपर्यंतचा उतार स्वाभाविक मानला जातो.

या पातळपणाचे दोन फायदे आहेत. रक्त वारेतून सहज वाहते, आणि दिवस भरेपर्यंत जमा झालेले सुमारे दीड लिटर जादा रक्त बाळंतपणातील रक्तस्राव सोसायला उपयोगी पडते. हा दीड लिटरचा साठा लक्षात ठेवावा; पुढे त्याचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

मग प्रीएक्लॅम्पसियात हिमोग्लोबिन वाढलेले का दिसते?

कारण पाणी घटते. ज्या रक्तद्रवाने वाढायचे तो मुळात पुरेसा वाढत नाही, आणि जो असतो त्यातला काही भाग पाझरणाऱ्या वाहिन्यांतून बाहेर पडून ऊतींमध्ये साचतो. चेहऱ्यावर सूज येते, अंगठी निघेनाशी होते, ओटीभरणाच्या वेळी सैल वाटलेल्या हिरव्या बांगड्या दोन-तीन आठवड्यांत मनगटात रुतू लागतात. बाहेर सूज आणि आत रक्त दाट, असे हे विरोधाभासी चित्र असते. पेशी तेवढ्याच असताना द्रव कमी झाल्यामुळे हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातील पेशींच्या आकारमानाची टक्केवारी, दोन्ही वर जातात. आमटी आटल्यावर मीठ जास्त लागते, तरी मीठ कोणी वाढवलेले नसते. तसाच हा प्रकार आहे.

रक्त पातळ न होणे बाळासाठीही बरे नसते. १९९५ साली लंडनच्या वायव्य भागातील दीड लाखाहून अधिक बाळंतपणांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणातील सर्वांत खालचे हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान असलेल्या मातांमध्ये कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण सर्वांत कमी असल्याचे त्यात दिसले, आणि ज्यांचे हिमोग्लोबिन कधी खाली आलेच नाही त्यांच्यात ते वाढलेले होते. यावरून कोणी लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय हा स्वतंत्र आणि फार मोठा प्रश्न आहे, आणि तो गोळ्यांनीच सुटतो.

आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन वाढले. ते गोळ्यांमुळे की आजारामुळे, हे कसे ओळखायचे?

एका आकड्यावरून ओळखता येत नाही. दोन अहवाल शेजारी ठेवावे लागतात. समजा, २८ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.४ आणि पीसीव्ही ३१ होते. मळमळीमुळे गोळ्या महिनाभर बंद होत्या, आणि ३४ व्या आठवड्यात हिमोग्लोबिन १३.१ व पीसीव्ही ३९ आले. घरी आनंद होणे साहजिक आहे, परंतु लोह पोटात न जाता हिमोग्लोबिन पावणेतीन ग्रॅमने वाढण्याचे कारण काय, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. त्याच दिवशी रक्तदाब १४८/९६ असेल आणि मूत्रपिंडाच्या कामाची कल्पना देणारे यूरिक ॲसिड व क्रिएटिनिन वर सरकलेले असेल, तर उत्तर जवळपास मिळाल्यासारखेच आहे.

लोहामुळे झालेल्या सुधारणेची चाल वेगळी असते. ज्यांच्यात लोह खरोखर कमी होते त्यांच्या पेशी आधी लहान आणि फिक्या असतात. गोळ्या लागू पडल्या की नव्या पेशी भरतात, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) आणि एमसीएच (पेशीतील सरासरी हिमोग्लोबिन) हे आकडे हळूहळू सुधारतात आणि हिमोग्लोबिन महिन्याला साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक चढते. रक्त आटल्यामुळे झालेल्या वाढीत पेशीचा आकार आणि तिच्यातील हिमोग्लोबिन आहे तसेच राहते. पेशींची संख्या, पीसीव्ही आणि हिमोग्लोबिन मात्र एकाच प्रमाणात उचलले जातात. म्हणून माता व बालक संरक्षण कार्डावर नुसते शेवटचे हिमोग्लोबिन न पाहता प्रत्येक भेटीतील आकडा आणि त्याच दिवसाचा रक्तदाब एका ओळीत वाचावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत या दोन्ही गोष्टी विनामूल्य मोजून मिळतात.

अहवालातील आरडीडब्ल्यू वाढले आहे. हे प्रीएक्लॅम्पसियाचे लक्षण समजावे का?

नाही. आरडीडब्ल्यू हा पेशींच्या आकारातील विषमतेचा आकडा आहे. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांमध्ये तो सरासरीने थोडा जास्त असल्याचे काही अभ्यास सांगतात, परंतु लोहाची कमतरता, रक्त चढवलेले असणे, थॅलेसेमिया अशा कितीतरी कारणांनी तो वाढतो. निदानासाठी त्याचा आधार घेऊ नये. ईएसआरचे, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याच्या वेगाचेही तसेच आहे : गरोदरपणात फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिन बनते ते प्रथिन, वाढलेलेच असते, त्यामुळे ईएसआर जवळपास प्रत्येकीचा जास्त येतो आणि त्यावरून फारसे काही कळत नाही.

पेशी 'ताठर' होतात म्हणजे काय होते?

तांबडी पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी चेपलेली, सुमारे साडेसात मायक्रॉन व्यासाची चकती. केशवाहिन्या अनेक ठिकाणी त्याहून अरुंद असतात, तरीही पेशी दुमडून, लांबट होऊन त्यांतून निसटते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा मूळ आकारात येते. तिला केंद्रक नसते आणि आवरणाखाली लवचीक प्रथिनांची जाळी असते, म्हणून हे जमते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती ही कसरत असंख्य वेळा करते.

प्रीएक्लॅम्पसियात रक्तात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. पेशीच्या आवरणातील मेद त्याला बळी पडतो, पेशीत कॅल्शियमचे प्रमाण वाढते, आणि आवरण पूर्वीइतके सहज वाकत नाही. गंभीर प्रीएक्लॅम्पसियात, विशेषतः बाळाची वाढ खुंटलेली असताना, हा ताठरपणा प्रयोगशाळेत मोजता आलेला आहे. सौम्य आजारात तो फारसा जाणवतोच असे नाही. ताठर पेशी अरुंद वाहिनीच्या तोंडाशी रेंगाळते. शिवाय रक्त आटलेले असल्याने पेशी एकमेकींच्या जवळ येतात आणि वाढलेल्या फायब्रिनोजेनमुळे नाण्यांच्या चवडीसारख्या चिकटतात. या सगळ्यामुळे रक्त घट्टपणे, सावकाश वाहते, आणि नेमके वारेत, जिथे प्रवाह मुळातच संथ आहे, तिथे त्याचा फटका बसतो.

आणखी एक बदल काही अभ्यासांत आढळला आहे. निरोगी गरोदरपणात आईचे हिमोग्लोबिन ऑक्सिजनला थोडे सैल धरते, त्यामुळे तो बाळाकडे सहज जातो. प्रीएक्लॅम्पसियात ही पकड पुन्हा घट्ट झालेली दिसते. म्हणजे पेशी ऑक्सिजन घेऊन वारेपर्यंत पोहोचली तरी तो पूर्वीच्या मोकळेपणाने सोडत नाही.

पेशी फुटतात का? आणि का फुटतात?

आजार तीव्र झाला तर फुटतात. रोगाने पेशी आतून सडल्या, असे हे नसते. त्या वाटेत फाटतात. इजा झालेल्या सूक्ष्म वाहिन्यांमध्ये फायब्रिनचे धागे आडवे ताणलेले असतात. दाबाखाली वेगाने येणारी पेशी त्या धाग्यावर आपटली की सुरीवर टोमॅटो पडावा तशी चिरली जाते. तुकड्यांपैकी काहींचे आवरण पुन्हा जुळते आणि ते तुकडे अर्धवट पेशी म्हणून रक्तात फिरत राहतात. बाकीचे फुटून त्यांतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते. याला सूक्ष्मवाहिनीजन्य रक्तविघटन म्हणतात. १९५४ साली अमेरिकेतील प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र गर्भविषबाधेत, तेव्हा या आजाराला याच अर्थाचे नाव होते, पेशी रक्तवाहिनीच्या आतच फुटतात आणि प्लेटलेटही घटतात, हे एकत्र नोंदवले होते.

स्मिअरमध्ये डॉक्टर नेमके काय शोधतात?

जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पुढे ओढला जातो, लीशमन रंगाने रंगवला जातो आणि १०० पटीच्या भिंगाखाली, तेलाचा थेंब टाकून, जिथे पेशी एकमेकींवर न चढता शेजारी-शेजारी पसरल्या आहेत तो भाग पाहिला जातो. निरोगी स्मिअरमध्ये मध्यभागी फिक्या असलेल्या गुलाबी चकत्या दिसतात. रक्तविघटन सुरू असेल तर त्यांत काही वेगळे आकार उठून दिसतात : एक बाजू सरळ कापल्यासारखी आणि दोन टोके वर आलेला शिरस्त्राणासारखा तुकडा, टोकदार त्रिकोण, दोन शिंगांची पेशी, मधला फिकेपणा हरवलेला छोटा गडद गोळा. या तुकड्यांना शिस्टोसाइट म्हणतात. किमान १,००० तांबड्या पेशी मोजून त्यांत हे तुकडे एक टक्क्याहून जास्त निघाले, तर विघटनाचा पुरावा भक्कम मानला जातो. शिवाय प्लेटलेट विरळ दिसतात, आणि पेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेने घाईने पाठवलेल्या, किंचित मोठ्या व निळसर छटेच्या कोवळ्या पेशी दिसू लागतात.

कडेला काटे आलेल्या 'बर' नावाच्या पेशीही या आजारात दिसतात, परंतु त्यांच्याबाबतीत सावध राहावे लागते. नळी चार-सहा तास तशीच पडून राहिली तरी निरोगी रक्तातील पेशींना असे काटे येतात. संध्याकाळी घेतलेल्या रक्ताची स्मिअर दुसऱ्या दिवशी सकाळी करण्याची सवय या एका बाबतीत घातक आहे. स्मिअर ताज्या रक्ताचीच हवी. यंत्राने छापलेल्या सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या अहवालात, हे तुकडे नावानिशी येत नाहीत, उलट काही यंत्रे लहान तुकड्यांना प्लेटलेट समजून मोजतात आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दाखवतात. म्हणून तीव्र प्रीएक्लॅम्पसियात 'स्मिअर पाहून कळवावे' असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले असावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

फुटलेल्या पेशीतील हिमोग्लोबिन कुठे जाते? त्याने अपाय होतो का?

रक्तद्रवात हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते मोकळे हिमोग्लोबिन पकडून यकृत आणि प्लीहेकडे नेते. विघटन वाढले की हॅप्टोग्लोबिन संपत येते, म्हणून ते कमी होणे ही विघटनाची सर्वांत बोलकी खूण समजली जाते. ते संपल्यावर मोकळे हिमोग्लोबिन लघवीत उतरते आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद दिसू लागते. काही भागाचे बिलिरुबिन होते, परंतु डोळे ठळक पिवळे दिसण्याइतके ते क्वचितच वाढते.

मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला शोषून घेते. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे वाहिन्या सैल ठेवणारा, अस्तरातच तयार होणारा वायू. तो कमी पडला की आधीच आकसलेल्या वाहिन्या आणखी आकसतात, दाब चढतो, अस्तर आणखी दुखावते आणि आणखी पेशी फाटतात. म्हणजे पेशींचे फुटणे हा आजाराचा परिणाम असतो आणि काही वेळाने तोच आजाराचे इंधन बनतो. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी याही पुढे जाऊन वारेतून आईच्या रक्तात झिरपणाऱ्या गर्भाच्या हिमोग्लोबिनकडे आजाराचे एक कारण म्हणून लक्ष वेधले आहे. हा विचार रोचक आहे, मात्र रोजच्या उपचारांत त्यामुळे अद्याप बदल झालेला नाही.

हेल्प सिंड्रोम म्हणजे काय?

तांबड्या पेशींचे विघटन, यकृतातील विकरांची वाढ आणि प्लेटलेटची घट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. हे नाव १९८२ साली अमेरिकेतील डॉ. लुई वाइनस्टाइन यांनी इंग्रजी आद्याक्षरे जोडून दिले. एकूण गरोदरपणांपैकी एक टक्क्याहून कमी, परंतु तीव्र प्रीएक्लॅम्पसियापैकी सुमारे १० ते २० टक्के स्त्रियांत तो आढळतो. निदानासाठी सर्वत्र वापरले जाणारे निकष असे : एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात येणारे विकर) ६०० किंवा अधिक, एसजीओटी (यकृतातील विकर) ७० किंवा अधिक, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, आणि सोबत विघटनाचा पुरावा. साधारण ७० टक्के वेळा तो प्रसूतीपूर्वी आणि उरलेल्या ३० टक्के वेळा प्रसूतीनंतर, बहुधा पहिल्या ४८ तासांत, प्रकट होतो.

फसवणारी बाब अशी की यातील काही स्त्रियांचा, सुमारे १० ते २० टक्क्यांचा, रक्तदाब वाढलेलाच नसतो. त्यांची तक्रार असते ती पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली दुखण्याची, मळमळीची, उलटीची. घरी याला 'पित्त झाले' म्हणतात, आले-लिंबाचा रस दिला जातो, औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीची गोळी येते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतले असे दुखणे, रक्तदाब आणि सीबीसी पाहिल्याशिवाय, पित्ताच्या नावावर घालू नये. त्यासोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, धाप लागणे, लघवी कमी किंवा गडद होणे यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ ला फोन करून रक्तपेढी आणि नवजात शिशू कक्ष असलेल्या रुग्णालयात जावे.

एलडीएच वाढले म्हणजे हेल्पच का?

नेहमी नाही, आणि हा गैरसमज प्रयोगशाळेमुळेच होऊ शकतो. सुजलेल्या हातावर शीर सापडत नाही, बारीक सुईने रक्त जोर लावून ओढले जाते, मग सुई न काढताच ते नळीत दाबून सोडले जाते. या ओढाताणीत पेशी नळीतच फुटतात. नळी फिरवल्यावर वर येणारा पिवळसर द्रव गुलाबी दिसतो, एलडीएच आणि पोटॅशियम दोन्ही खोटेच चढतात. अशा वेळी दुसऱ्या शिरेतून सावकाश रक्त घेऊन तपासणी पुन्हा करावी. फरक ओळखायला आणखी एक आधार आहे : नळीत फुटलेल्या पेशींमुळे हॅप्टोग्लोबिन घटत नाही आणि स्मिअरमध्ये शिरस्त्राणासारखे तुकडेही दिसत नाहीत. मात्र गंभीर आजारी स्त्रीचा द्रव दुसऱ्यांदाही गुलाबी आला, तर तो 'नमुना खराब' म्हणून बाजूला टाकण्याचा नव्हे, तर वॉर्डात ताबडतोब फोन करण्याचा निष्कर्ष असतो.

एलडीएच यकृताच्या इजेनेही वाढते. तेव्हा एलडीएच, एसजीओटी, प्लेटलेट, बिलिरुबिन आणि स्मिअर एकत्रच वाचावेत, आणि तीव्र आजारात ते दर सहा ते बारा तासांनी पुन्हा पाहावेत.

हिमोग्लोबिन १२ आहे आणि तरी विघटन सुरू आहे, असे होऊ शकते का?

होऊ शकते. द्रव घटल्यामुळे आकडा वर ढकलला जातो आणि पेशी फुटल्यामुळे खाली ओढला जातो. दोन्ही एकाच वेळी घडत असतील तर अहवालात दिसते ते फक्त त्यांच्या वजाबाकीचे उत्तर. १३ वरून एका दिवसात १२ आणि मग ११.१ असा उतार, रक्तस्राव नसताना, दिसला तर प्रत्येक आकडा सुटा 'नॉर्मल' असला तरी तो उतार हेच निदान आहे.

सिकल सेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रीच्या बाबतीत काय वेगळे असते?

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत हा प्रश्न नेहमीचा आहे. सिकल सेल आजार असलेल्या स्त्रियांना प्रीएक्लॅम्पसियाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. त्यांच्या पेशी मुळातच ताठर आणि अल्पायुषी असतात, त्यामुळे एलडीएच व बिलिरुबिन एरवीही वाढलेले असते. सिकलच्या वेदनांचा झटका आणि हेल्प सिंड्रोम दोन्हींत पोटात दुखते. अशा वेळी तिचे नेहमीचे आकडे काय होते, हे ठाऊक नसले तर डॉक्टर अंधारात चाचपडतात. म्हणून पहिल्या तिमाहीतच सीबीसी, एलडीएच, बिलिरुबिन आणि रक्तदाब नोंदवून ठेवणे फार मोलाचे ठरते. नुसते वाहक असणे, म्हणजे तपासणीत 'एएस' येणे, आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थॅलेसेमिया वाहक स्त्रीच्या पेशी लहान असतात आणि हिमोग्लोबिन थोडे कमी राहते. लोह दिल्याने ते फारसे चढत नाही, आणि चढले तर कारण शोधावे.

पेशींचे फुटणे थांबवणारे औषध आहे का?

थेट असे औषध नाही. आजाराचे मूळ वारेत आहे, आणि वार बाहेर येणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. हेल्प सिंड्रोममध्ये ३४ आठवड्यांनंतर प्रसूती लांबवत नाहीत. त्याआधी, आईची प्रकृती स्थिर असल्यास, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने देण्याइतका एक-दोन दिवसांचा अवधी घेतला जातो. तोवर लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनने दाब आवरतात, आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये, या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. स्टिरॉइडने आईच्या प्लेटलेट वाढतात, पण तिचा जीव वाचण्याची शक्यता त्याने वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

रक्त आटले आहे तर भरपूर सलाइन का लावत नाहीत, असे नातेवाईक हमखास विचारतात. शंका तर्काला धरून आहे, परंतु वाहिन्या पाझरत असताना दिलेले पाणी वाहिनीत न थांबता फुप्फुसांत उतरते आणि श्वास कोंडतो. म्हणून एकूण द्रव ताशी सुमारे ८० मिलिलिटरपुरताच ठेवला जातो.

रक्त चढवावे लागते का?

विघटनामुळे क्वचित, रक्तस्रावामुळे अधिक वेळा. येथे तो दीड लिटरचा साठा आठवावा. निरोगी बाळंतीण अर्धा लिटर रक्तस्राव सहज सोसते, कारण ते रक्त जादाचेच असते. प्रीएक्लॅम्पसियात हा साठा भरलेलाच नसतो, त्यामुळे तेवढ्याच स्रावाने ती कोसळू शकते. प्रसूतीपूर्वी १३ ग्रॅम असलेले हिमोग्लोबिन पाहून 'रक्ताची व्यवस्था नको' असे समजणे ही मोठी चूक ठरते. रक्तगट आधी तपासून रक्त राखून ठेवावे. सिझेरियनपूर्वी प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर बहुधा त्याही द्याव्या लागतात.

बीट, खजूर, डाळिंब खाल्ल्याने उपयोग होईल का?

आहार म्हणून खावेत. या आजारावरचा उपाय म्हणून नव्हे. फाटणाऱ्या पेशी आहाराने सांधता येत नाहीत. मीठ पूर्ण बंद करण्याने किंवा दिवसभर पडून राहण्यानेही प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, वाढलेले पाहून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सोडू नयेत, कारण दाह आणि विघटन यांमुळेही ते वाढते आणि साठा भरल्याचा भास होतो.

प्रसूतीनंतर पेशी केव्हा पूर्ववत होतात?

पहिले २४ ते ४८ तास चढउताराचे असतात. प्लेटलेट आणखी घटू शकतात आणि एलडीएच आणखी चढू शकते. त्यानंतर बहुतेकींचे आकडे सुधारू लागतात. वाहिन्यांत परतणाऱ्या पाण्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी भरपूर होते, सूज ओसरते आणि हिमोग्लोबिन एक-दीड ग्रॅमने उतरते. हा उतार पाहून घाबरण्याचे कारण नाही. आटलेले रक्त पुन्हा पातळ होत असते, आणि खरा रक्तक्षय किती होता ते तेव्हाच कळते. शिस्टोसाइट आठवड्याभरात विरळ होत जातात.

तीन दिवस उलटूनही प्लेटलेट वाढत नसतील, तुकडे तसेच दिसत असतील किंवा क्रिएटिनिन चढतच असेल, तर हे प्रीएक्लॅम्पसिया नसून टीटीपी किंवा एचयूएस, म्हणजे सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होऊन पेशी फाटणारे दुसरे आजार, असण्याची शक्यता धरून एडीएएमटीएस-१३ या विकराची तपासणी करावी लागते, कारण त्या आजारांचा उपचार वेगळा आणि तातडीचा असतो.

पुढच्या गरोदरपणात काय करावे?

पहिल्या भेटीतच आधीच्या बाळंतपणाचे कागद दाखवावेत; सर्वांत कमी प्लेटलेट किती होत्या, एलडीएच किती चढले होते, कितव्या आठवड्यात त्रास सुरू झाला, हे त्यांतून कळते. कमी मात्रेतील ॲस्पिरिन १६ व्या आठवड्याच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोज रात्री सुरू केले तर मुदतीआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचा धोका घटतो. १५० मिलिग्रॅमची मात्रा वापरलेल्या २०१७ सालच्या चाचणीत तो सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. आहारात कॅल्शियम कमी असेल तर तेही दिले जाते. आणि २८ व्या आठवड्यानंतरच्या प्रत्येक भेटीत, हिमोग्लोबिन कितीही चांगले आले तरी, मागचा आकडा कोणता होता हे विचारावे.